दरवर्षी वॉटरप्रूफिंग करूनही स्लॅब गळतोय? आधी पाणी शिरतंय कुठून ते शोधा, मग ठेकेदार ठरवा

आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. २००८ चं बांधकाम, गच्ची साधारण ९०० चौरस फूट. २०२१ च्या जुलैत हॉलमधल्या पंख्याच्या हुकातून पहिला थेंब पडला. पुढच्या मे महिन्यात एका ठेकेदाराला २७,००० रुपये देऊन गच्चीवर पांढरं कोटिंग मारून घेतलं. मृग गेला, आर्द्रा गेली, आम्ही निश्चिंत झालो. तरण्या पावसाची झड लागली आणि तिसऱ्या दिवशी हुक पुन्हा ठिबकायला लागला. २०२३ ला दुसरा ठेकेदार आणला, ४१,००० रुपये मोजले. त्याने जुन्या कोटिंगवर जाळी टाकून नवीन तीन हात मारले. "वहिनी, आता दहा वर्षं बघायला लागायचं नाही," असं सांगून गेला. जुलैत थेंब परत त्याच हुकातून.

दोन वर्षांत ६८,००० रुपये गेले, आणि पाणी नक्की कुठून शिरतंय हे दोघांपैकी एकानेही शोधलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी विचारत होते ते एवढंच, "गॅरंटी किती वर्षं?"

आमची गळती शेवटी साडेनऊ हजारांत थांबली आणि दुसऱ्या ठेकेदाराकडून काही पैसेही परत मिळाले. ते कसं झालं आणि आता काम द्यायचं तर मी काय करेन, ते सगळं लिहिते. सातारा, कराड, वाई, सांगली, कुठलंही असो, स्लॅबची गोष्ट हीच. पावसाचं मान तेवढं वेगळं. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. त्यामुळे दहिवडीच्या पाहुण्यांकडे टिकलेलं कोटिंग मेढ्यात टिकेलच असं नाही. नातेवाइकांच्या शिफारशीवर ठेकेदार ठरवताना हे लक्षात ठेवा.

गळतीची वही

पहिलं काम फुकटातलं आहे. एक वही घ्या आणि गळती कधी होते ते तारीख-वेळेसह लिहा. माझ्या वहीतल्या दोन नोंदी देते. "१२ जुलै, रात्री ११.४०. पाऊस जोरात, वारा नाही. हुकातून थेंब, मिनिटाला वीसेक." "१५ जुलै. सकाळपासून उघडीप. थेंब चालूच, पण मिनिटाला दोन-तीन."

या नोंदींतून बरंच कळतं. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात गळायला लागलं आणि थांबल्यावर लगेच कमी झालं, तर पाण्याला मोकळी वाट आहे: पाइपाचं तोंड, उघडी भेग, बोल्टचं भोक. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी ठिबकत राहिलं, तर पाणी कोब्यात साठलंय. कोबा म्हणजे स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर. तो एकदा भिजला की स्पंजासारखं पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो. वाऱ्याच्या पावसातच गळत असेल आणि सरळ पावसात नाही, तर गच्चीपेक्षा भिंत, पॅरापेट (गच्चीचा कठडा), खिडकीवरचा छज्जा किंवा जिन्याची टोपी (जिन्यावरचं छप्पर) यांच्यावर संशय घ्या. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचा, म्हणून त्या बाजूच्या भिंती आधी बघायच्या. आणि मार्च-एप्रिलमध्येही ओल वाढत असेल तर तो पाऊस नव्हेच. टाकी, बाथरूम किंवा भिंतीतली पाइपलाइन. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळी पाण्याची पातळी पाहिली की निम्मं उत्तर मिळतं.

आमच्या वहीत दोन्ही प्रकार होते: लगेच गळणं आणि नंतर ठिबकत राहणं. पुढे पाहणीसाठी बोलावलेले इंजिनिअर वही वाचून म्हणाले, "पाणी एका ठिकाणाहून जोरात आत येतंय, आणि आलेलं पाणी कोब्यात मुरतंय."

एक महत्त्वाची गोष्ट. हुकातून, ट्यूबलाइटच्या पट्टीतून किंवा बोर्डातून पाणी येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी आधी खाली पाडा. बाकी सगळं नंतर.

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही

इथेच सगळे फसतात. हॉलच्या मधोमध थेंब, म्हणून मिस्त्री वर जाऊन हॉलच्या मध्यावर बरोबर वरची जागा ठोकून बघतो. पण स्लॅब भरताना वायरिंगच्या पाइपा त्यातच गाडलेल्या असतात. गच्चीच्या कडेला शिरलेलं पाणी त्या पाइपेत उतरतं आणि पाइप जिथे उघडी आहे, म्हणजे पंख्याच्या डबीत, तिथे बाहेर पडतं. कडेचं पाणी मध्यावर येतं ते असं.

आम्ही एका स्थापत्य अभियंत्याला फक्त पाहणीसाठी बोलावलं. फी घेतली दीड हजार. काम त्यांना द्यायचं नव्हतं, त्यामुळे माल खपवायची घाई त्यांना नव्हती. हा फरक फार मोठा आहे. ज्याला तुम्ही काम देणार त्याच्याकडूनच निदान करून घेतलं, तर ज्याच्याकडे जे औषध आहे तोच आजार निघतो. कोटिंगवाल्याला कोटिंग दिसतं, मेंब्रेनवाल्याला मेंब्रेन (गच्चीवर चिकटवायची चादर), पत्र्यावाल्याला वर शेड.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर, गच्ची पंधरा दिवस वाळल्यावर त्यांनी चाचणी घेतली. पहिल्या दिवशी आउटलेटपासून, म्हणजे गच्चीचं पाणी खाली जायच्या तोंडापासून, लांबचा मधला भाग मातीचा बांध घालून अडवला, त्यात दोन इंच पाणी भरलं आणि २४ तास ठेवलं. खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी पॅरापेटच्या मुळाशी पाइपने तासभर पाणी सोडलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या आउटलेटला आतून बोळा मारला, तोंडाभोवती मातीचं वीतभर कडं केलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी ओतलं. खाली हॉलमध्ये पंख्याचा कप खाली सरकवून, स्टुलावर पांढरी बशी ठेवून आम्ही बसलो. सासरे घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटांनी बशीत थेंब पडला, मातकट आणि कडेला निळसर. आउटलेट ते हुक अंतर अकरा फूट.

कारण साधं होतं. गच्चीचं पाणी खाली नेणारी चार इंची प्लॅस्टिकची पाइप स्लॅबमधून आरपार जाते. प्लॅस्टिकला सिमेंट धरत नाही. उन्हाने पाइप फुगते, थंडीने आकसते, आणि काही वर्षांत तिच्याभोवती केसाएवढी फट पडते. सगळ्या गच्चीचं पाणी वाहत येऊन नेमकं त्याच फटीवर उभं राहतं. वरून कितीही कोटिंग मारा, ते पाइपेच्या कडेवर दर उन्हाळ्यात तडकतं.

ही चाचणी घरच्या घरी करता येते. एका वेळी एकच जागा भिजवायची आणि दोन चाचण्यांमध्ये वाळायला वेळ द्यायचा, इतकं पथ्य पाळा. पाणी दोन इंचांपेक्षा जास्त भरू नका. दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस फुटाला जवळपास पाच किलो होतं. जुन्या, सळया गंजून गिलावा सुटलेल्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरूच नका.

नेहमी सापडणाऱ्या इतर जागा म्हणजे पॅरापेट आणि स्लॅबचा सांधा (तिथे गोलाई दिलेला सिमेंटचा वाटा सुटलेला असतो), टाकीच्या खालचे चौथरे, सोलर हीटरच्या स्टँडचे बोल्ट, डिशची भोकं आणि जिथे ढाळ बिघडून पाणी तुंबतं असा एखादा खोलगा. गच्चीचा ढाळ दर दहा फुटांना निदान एक-सव्वा इंच हवा. पाऊस पडून गेल्यावर दोन तासांनी वर जा आणि जिथे पाणी उभं दिसेल तिथे खडूने रेघ ओढा. ठेकेदाराला दाखवायला याहून चांगला नकाशा नाही.

पत्रा आणि कौलं

माहेरी, जावळीत, वर पत्रा आहे. पत्र्याच्या गळतीचं मूळ बहुतेक वेळा स्क्रूत असतं. स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो. मशीनने जास्त आवळला तर चेपून बाहेर येतो, तिरका बसला तर एका बाजूने उघडा राहतो. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर हवा. खळग्यात मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहणार. आडव्या जोडाला एक पत्रा दुसऱ्यावर निदान सहा इंच चढलेला हवा, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. आणि उभ्या जोडाचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हवं. आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेच्या टोकाकडून पत्रे बसवत पश्चिमेकडे यायचं. घाईतला फिटर जिथे शिडी लावायला सोपं तिथून सुरू करतो, आणि मग प्रत्येक झडीत पाणी जोडाखाली ढकललं जातं.

पत्र्याच्या जाडीवरूनही वाद होतात. बोलताना "पॉइंट पाच" (मिलिमीटर) ठरतं आणि येतो पॉइंट पंचेचाळीस. पत्र्यावर छापलेली कंपनी आणि जाडी उतरवून घेतानाच वाचा, फोटो काढा. बसवल्यावर छाप वर जातो, मग कोण बघतो. पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडत असतील आणि रात्री पाऊस नसेल, तर ती गळती नाही, पत्र्याला आलेला घाम आहे. हवा खेळायला आढ्याखाली जागा सोडली की कमी होतो. ठेकेदाराशी भांडण्याआधी एवढं बघून घ्या.

कौलारू घरांबद्दल थोडंच लिहिते. शाकारणी दरवर्षी मेमध्ये करायचीच असते आणि वानरांनी फोडलेल्या कौलांना गॅरंटी कोणी देत नाही. चार-पाच डझन जादा कौलं माळ्यावर ठेवा.

ठेकेदार ठरवताना

मार्च-एप्रिलमध्ये बोला. मेच्या शेवटी वळीव पडला की सगळ्या गावाला एकदम गच्ची आठवते. मग ठेकेदार चार ठिकाणी माणसं पसरतो आणि ओल्या पृष्ठभागावर कोटिंग मारून मोकळा होतो. ओलीवर मारलेल्या कोटिंगला फुगे येतात आणि सालासारखं निघतं. आमचं पहिलं काम असंच २८ मेला झालं होतं.

ठेकेदाराची जुनी कामं बघा, पण दोन पावसाळे झालेली. गेल्या महिन्यातली गच्ची कुणाचीही पांढरीशुभ्रच दिसते. त्या घरमालकांना एकच प्रश्न विचारा: "गळल्यावर फोन उचलला का?" न गळणारा ठेकेदार शोधू नका, परत येणारा शोधा.

तीन कोटेशन घ्या, पण तिघांना एकाच कामाचं मागा. नाहीतर एक जण कोटिंगचा भाव देतो, दुसरा चार मिलिमीटरच्या मेंब्रेनचा, तिसरा कोबा काढून नवा घालण्याचा, आणि आपण आकडे शेजारी ठेवून स्वस्त कोण ते बघतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतो असं कोणी म्हटलं तर थांबवा. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास असतं. स्लॅबवर एवढा बोजा पुन्हा टाकायचा का, हे इंजिनिअरने सांगायचं, गवंड्याने नाही.

मोजमाप कसं धरणार ते आधी लिहा. गच्चीचा सपाट भाग ९०० चौरस फूट, पण पॅरापेटच्या आतल्या बाजूला एक फूट वर चढवलेलं कोटिंग मोजायचं की नाही? सांध्यातल्या वाट्याचे पैसे फुटावर वेगळे की कामात धरलेले? शेवटच्या बिलावरचे निम्मे वाद इथलेच.

"१० वर्षे गॅरंटी" या तीन शब्दांना एकटं काही अर्थ नाही. कंपनीची गॅरंटी मालाची असते आणि त्यातही अटी असतात. हाताच्या कामाची गॅरंटी ठेकेदाराने द्यायची असते. गळल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दुसऱ्या ठेकेदाराने आम्हाला लेटरहेडवर एक ओळ लिहून दिली होती: वॉटरप्रूफिंग, १० वर्षे गॅरंटी, ४१,०००. कशाचं वॉटरप्रूफिंग, कशाची गॅरंटी, काहीच नाही.

आता मी करारात काय लिहिते ते जसंच्या तसं देते. स्टॅम्प पेपरवर केलं तर उत्तमच, साध्या कागदावर दोघांच्या सह्या असल्या तरी काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

"कामात धरलेले: संपूर्ण गच्ची, पॅरापेट आतून एक फूट उंचीपर्यंत, सर्व आउटलेटची तोंडे, टाकीचे चौथरे, जिन्याच्या टोपीचा सांधा. मालाचे नाव, कंपनी, थर किती व डबे किती ते सोबतच्या यादीत. काम पूर्ण झाल्यावर आउटलेट बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवले जाईल. त्या वेळी दोन्ही पक्ष हजर राहतील. खाली ओल न आढळल्यासच चौथा हप्ता देय. एकूण रकमेच्या १० टक्के रक्कम मालकाकडे राहील व पहिला पावसाळा गळतीविना गेल्यास ३१ ऑक्टोबरला दिली जाईल. गॅरंटी काळात गळती आढळल्यास कळवल्यापासून ७ दिवसांत पाहणी व पाऊस उघडल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती. माल व मजुरी दोन्ही ठेकेदाराची. तसे न झाल्यास मालक दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊन खर्च वसूल करू शकेल. मालकाने गच्चीवर नवीन भोक पाडल्यास त्या जागेपुरती गॅरंटी राहणार नाही."

शेवटचं वाक्य ठेकेदाराच्या बाजूचं आहे आणि ते असलंच पाहिजे. काम झाल्यावर सोलरवाला येतो, चार बोल्ट ठोकतो, आणि गळलं की आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या घालतो. हे मी दोन शेजाऱ्यांकडे डोळ्यांनी पाहिलंय.

हप्ते असे: इसार २० टक्के, जुना थर खरवडून माल साइटवर आल्यावर ३०, थर पूर्ण झाल्यावर २०, पाणी चाचणीनंतर २०, पावसाळ्यानंतर १०. "सगळे आधी द्या, माल आणायचाय" म्हणणाऱ्याला सांगा, माल दुकानातून मीच घेते, बिल माझ्या नावावर करा. खरा कारागीर याला नाही म्हणत नाही. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या. पहिल्या ठेकेदाराला मी सगळे रोख दिले होते. पावती नाही, कागद नाही. ते २७,००० गेले ते गेलेच.

काम चालू असताना रोज संध्याकाळी वर जा. तुम्हाला त्यातलं कळत नसलं तरी चालेल, फोटो काढा. खरवडलेली भेग, भरायच्या आधी आणि नंतर. कोटिंग असेल तर रिकामे डबे फेकू देऊ नका, शेवटी मोजा. एका डब्यात किती चौरस फूट होतं ते डब्यावरच छापलेलं असतं. जिथे सहा डबे लागायला हवेत तिथे साडेतीन लागले, तर उरलेलं पाणी मिसळलंय. आडवा हात वाळल्याशिवाय उभा हात मारू देऊ नका. कोबा असेल तर निदान सात दिवस पाणी मारणं आलंच, आणि ते काम कुणाचं हेही आधी ठरवा.

काम झालं, तरी गळलं

पहिल्या थेंबाला संताप होतो, पण त्या रात्री फोनवर भांडू नका. फोनवरचं बोलणं हवेत जातं. व्हॉट्सअॅपवर लिहा: तारीख, वेळ, जागा, फोटो, छोटा व्हिडिओ, आणि शेवटी "कृपया ७ दिवसांत पाहणीसाठी यावे." सभ्य भाषेत. हाच संदेश पुढे तुमचा पुरावा असतो, आणि पुराव्यातल्या शिव्या आपल्यालाच नडतात.

तो आला तर त्याच्यासमोर चाचणी करा. आला नाही, तरी घाईने दुसऱ्या मिस्त्रीकडून वर थर मारून घेऊ नका. एकदा जागा झाकली की चूक कुणाची हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तात्पुरतं ताडपत्री टाका, खाली बादली ठेवा, आणि इंजिनिअरकडून सहीशिक्क्याचा पाहणी अहवाल घ्या. त्यात कारण, जागा, फोटो आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च असावा.

आमच्या दुसऱ्या ठेकेदाराला मी जुलै ते सप्टेंबर चार संदेश पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. फोनवर एकदा म्हणाला, "ते आमच्या कामातनं नाही, पाइपातनं येतंय." म्हणजे खरं कारण त्याला माहीत होतं. प्रश्न इतकाच राहिला की पाइपाची तोंडं त्याच्या कामात होती का. लेटरहेडवर नव्हती. मी जुने संदेश उलटे वर वर वाचत गेले आणि एप्रिलमधला त्याचाच एक सापडला: "टोटल टेरेस + पाईप तोंड + पॅरापेट सगळं मिळून ४१ हजार." त्या एका ओळीने सगळं पारडं फिरलं. ठेकेदाराशी झालेले संदेश कधीही डिलीट करू नका, आणि तोंडी काही ठरलं तर त्याच दिवशी "आज असं ठरलं" म्हणून लिहून पाठवा.

मग नोटीस. स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी. वकिलाकडूनच हवी असं नाही, मी स्वतः लिहिली. काम कधी, पैसे किती आणि कसे, काय ठरलं होतं, काय झालं, अहवाल काय सांगतो, मला काय हवं (दुरुस्ती किंवा इतकी रक्कम), १५ दिवसांची मुदत, आणि त्यानंतर ग्राहक आयोगात जाईन हे स्पष्ट वाक्य. सोबत अहवालाची प्रत आणि त्या संदेशाची छापील प्रत.

पुढची पायरी लागली तर हे माहीत असू द्या. घरासाठी पैसे देऊन घेतलेलं काम ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिला लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवल्यावर समेटाचा प्रयत्न होतो. जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ठेकेदार पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती या सरकारी पोर्टलवर आहे. मुदत मात्र काटेकोर: कारण घडल्यापासून दोन वर्षं. "पुढच्या उन्हाळ्यात बघतो" असं ठेकेदार दोनदा म्हणाला की ती मुदत संपते, आणि काही जण म्हणतात ते त्याचसाठी. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. रक्कम लहान आणि ठेकेदार गावातलाच असेल तर मला ही वाट जास्त बरी वाटते, कारण उद्या रस्त्यात तोंड बघायचं असतं. पोलिसांत मात्र अशा वादासाठी लोक उगाच खेपा घालतात. काम नीट झालं नाही हा दिवाणी वाद आहे, तिथून तेच सांगून परत पाठवतात.

घर नसून फ्लॅट असेल तर हिशेब वेगळा. ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती, कळवल्यापासून ३० दिवसांत, विनाखर्च करून देणं हे रेरा कायद्याने बिल्डरवर आहे. त्यानंतर, सोसायटी झालेली असेल तर गच्चीतून सर्वांत वरच्या मजल्यावर येणारी पावसाची गळती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या मजल्यावरच्या एकट्या माणसाने ठेकेदार आणून स्वतःचे पैसे घालू नयेत. आधी सचिवांना लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.

आमची नोटीस नोव्हेंबर २०२३ मध्ये गेली. नवव्या दिवशी ठेकेदार स्वतः दारात आला, बरोबर त्याचा मोठा भाऊ. सासऱ्यांनी चहा दिला आणि आम्ही सगळे वर गेलो. इंजिनिअरांनी सांगितलं होतं तसंच कडं करून, तसंच निळीचं पाणी ओतून त्याच्यासमोर चाचणी केली. या वेळी पन्नास मिनिटं लागली. बशीतला थेंब बघून त्याचा भाऊ त्याच्याकडे वळून म्हणाला, "तोंडं फोडली नव्हतीस काय रे?" तो काही बोलला नाही. बाकीच्या कोटिंगचं काम वाईट नव्हतं, हे मीही मान्य केलं. बसून १८,००० वर तोडगा निघाला, दोन हप्त्यांत.

तोडग्याचाही कागद केला. त्यात रक्कम, हप्त्यांच्या तारखा, "दुसरा हप्ता मिळाल्यानंतरच तक्रार मिटली असे धरावे" हे वाक्य आणि दोन साक्षीदार. हे वाक्य विसरू नका. पहिला हप्ता देऊन, मिटल्याची सही घेऊन गायब झालेले लोक आहेत. आम्हाला दुसरा हप्ता ठरल्यानंतर तीन आठवड्यांनी मिळाला, पण मिळाला.

दुरुस्ती आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घेतली. तिन्ही आउटलेटच्या भोवती कोबा वीतभर फोडला, पाइपेभोवतीची फट साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने (भेगा भरायच्या मसाल्याने) भरली, पाइपेच्या कडेला पीयू सीलंट (लवचिक राहणारी लांबी), त्यावर कोटिंगमध्ये जाळी गुंडाळून पाइपेच्या आत दोन इंच उतरवली, आणि वर घुमटाकार जाळी बसवली म्हणजे पाचोळ्याने तोंड बंद होणार नाही. कोबा पूर्ण वाळायला वेळ लागला, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात हुकाभोवती ओलीचं फिकट वर्तुळ राहिलं होतं. थेंब पडला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात वर्तुळही वाढलं नाही, तेव्हा दिवाळीला हॉलला रंग दिला.

तुमच्याकडे काम सांगायच्या आधी गळतीची वही लिहून झाली असेल आणि तरी उलगडा होत नसेल, तर नोंदी, गच्चीचा कच्चा नकाशा आणि आउटलेटच्या जागा लिहून विचारा. कुठली जागा आधी भिजवून बघायची एवढं मी माझ्या अनुभवावरून नक्की सांगेन.